ऑडिओ होम रेकॉर्डिंग कायदा (अमेरिका, १९९२)

घरगुती वापराच्या डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांत नक्कल रोखणारी व्यवस्था बसवणे उत्पादकांवर आणि आयातदारांवर बंधनकारक करणारा अमेरिकी संघराज्याचा कायदा. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी २८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यावर सही केली. अमेरिकी संहितेतील कॉपीराइटविषयक १७व्या शीर्षकाचे तो १०वे प्रकरण आहे. यंत्र कसे वागावे हे कायद्यातच लिहून ठेवण्याचा हा प्रयोग होता, आणि त्याची चौकट ज्या यंत्रांवर बेतली होती ती काही वर्षांतच बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली.

पार्श्वभूमी : कॅसेटवरून कॅसेट भरताना प्रत्येक प्रतीत खरखर वाढते. तिसऱ्या-चौथ्या हाती पोचलेली कॅसेट ऐकवत नाही, आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांना हे फुकटचे संरक्षण होते. १९८७ मध्ये जपानी कंपन्यांनी डिजिटल ऑडिओ टेप, म्हणजे ‘डॅट’, बाजारात आणली. तिच्यावरची प्रत मुळाशी बिटन् बिट जुळते. शंभरावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ. कंपन्यांनी खटल्यांच्या धमक्या दिल्या आणि अमेरिकी काँग्रेसकडे धाव घेतली.

सीबीएस रेकॉर्ड्सने सुचवलेला उपाय ‘कॉपीकोड’ नावाचा होता. मुद्रणातून ३,८०० हर्ट्‌झच्या आसपासची ध्वनीची एक अरुंद पट्टी कापून टाकायची आणि ती पट्टी गायब दिसली की रेकॉर्डरने मुद्रण थांबवायचे, अशी ही युक्ती. ही कंप्रता पियानोच्या अगदी वरच्या स्वरांच्या टापूतली, म्हणजे कापलेली पट्टी संगीताचाच भाग होती. काँग्रेससमोर ही योजना सक्तीची करणारी विधेयके आली, तेव्हा तिची परीक्षा नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी प्रयोगशाळेकडे सोपवण्यात आली. मार्च १९८८ मधला निष्कर्ष तिन्ही कसोट्यांवर प्रतिकूल होता: संगीतातला फरक कानाला कळतो, रेकॉर्डर दर वेळी थांबतोच असे नाही, आणि ही युक्ती सहज चुकवता येते. कायदा करण्याआधी सरकारने प्रत्यक्ष ऐकून पाहिले, ही या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हटली पाहिजे. दरम्यान १९८८ च्या आरंभी डॅटयंत्रे बनवणाऱ्या सोनीनेच सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती. वादी आणि प्रतिवादी एकाच घरात नांदू लागले.

१९८९ मध्ये अथेन्स येथे यंत्र-उत्पादक आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्यात समझोता झाला आणि ‘सीरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टिम’ पुढे आली. गीतकार आणि संगीत-प्रकाशक मात्र त्यावर खूश नव्हते, कारण त्यांना पैसा हवा होता. १९९० मध्ये गीतकार सॅमी कान यांनी इतरांच्या वतीनेही सोनीवर दावा लावला. १९९१ मध्ये तो तडजोडीने मिटला आणि त्याच तडजोडीतून या कायद्याचा मसुदा आला. कायदा संसदेने केला असला तरी त्यातली कलमे बव्हंशी उद्योगांच्या आपापसांतल्या वाटाघाटीत ठरली होती.

यंत्रणा : सीरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टिममध्ये डिजिटल ध्वनीबरोबर जाणाऱ्या खुणांत ‘संरक्षित’ आणि ‘मूळ की प्रत’ असे दोन प्रश्न सोडवलेले असतात. मूळ सीडीवरून हव्या तितक्या प्रती काढता येतात, पण निघालेल्या प्रत्येक प्रतीवर ‘मी प्रत आहे’ अशी खूण उमटते आणि तिच्यावरून पुढची डिजिटल प्रत काढायला रेकॉर्डर नकार देतो. संख्येवर बंधन नाही, पिढीवर आहे. या व्यवस्थेचा जाच झाला तो हौशी वादकांना. स्वतःचेच वादन घरगुती डॅटवर मुद्रित केले, तरी त्याच्या प्रतीची प्रत काढताना यंत्र अडून बसे. व्यावसायिक यंत्रांना कायद्याने सूट होती, त्यामुळे स्टुडिओंमध्ये डॅट वर्षानुवर्षे निर्धास्त चालली.

तरतुदी : ही यंत्रणा किंवा तिच्यासारखे काम करणारी दुसरी यंत्रणा नसलेले यंत्र बनवणे, आयात करणे वा वितरित करणे बेकायदा ठरले, ती चुकवण्यासाठीच मुख्यतः बनवलेल्या उपकरणांवरही बंदी आली. यंत्राच्या किमतीवर २ टक्के आणि कोऱ्या डिजिटल टेप-डिस्कवर ३ टक्के रॉयल्टी लागू झाली. जमा रकमेचा दोन तृतीयांश भाग ध्वनिमुद्रणांच्या निधीत जातो, उरलेला गीतकार-संगीतकार आणि प्रकाशकांकडे. पहिल्या भागातून साथीदार वादक-गायकांसाठी ४ टक्के काढून ठेवल्यावर उरलेल्याचे ६० टक्के कंपन्यांना आणि ४० टक्के मुख्य कलाकारांना मिळतात. या मोबदल्यात ग्राहकाला एक मोलाचे आश्वासन मिळाले: अशा यंत्रांवर गैरव्यापारी हेतूने केलेल्या संगीताच्या मुद्रणाबद्दल त्याच्यावर कॉपीराइटभंगाचा दावा लावता येणार नाही. असा आकार घेण्याची कल्पना नवी नव्हती. पश्चिम जर्मनीने १९६५ च्या कायद्यानेच मुद्रणयंत्रांवर तो बसवला होता.

संगणकाची पळवाट : संगणक उद्योगाच्या आग्रहावरून व्याख्या जाणूनबुजून अरुंद ठेवल्या गेल्या. ज्या वस्तूवर संगणक-प्रोग्रॅमही साठवलेले असतात ती ‘डिजिटल संगीत मुद्रण’ या व्याख्येत बसत नाही. म्हणजे हार्ड डिस्क बाहेर. १९९८ मध्ये डायमंड मल्टिमीडिया कंपनीचा ‘रिओ’ हा खिशात मावणारा एमपी३ प्लेअर आला. त्याची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट, संगीत सुमारे तासभर. ध्वनिमुद्रिका उद्योगाच्या संघटनेने या कायद्याखाली त्याच्याविरुद्ध मनाई मागितली. १५ जून १९९९ रोजी नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ती नाकारली: रिओ संगणकाच्या हार्ड डिस्कवरून गाणी घेतो, त्यामुळे तो कायद्याच्या अर्थाने मुद्रणयंत्रच नाही; शिवाय स्वतःजवळची गाणी सोबत नेता येण्यासाठी केलेली प्रत कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे. आयपॉडला पुढे जो रस्ता मोकळा मिळाला, तो या निकालाने. संगणक उद्योगाच्या आग्रहाने अरुंद झालेल्या व्याख्येनेच ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या रॉयल्टीला नव्या बाजारपेठेबाहेर ठेवले.

दरम्यान नियमनाची तऱ्हाही बदलली होती. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने संगीतासाठी यंत्रात काय बसवावे हे सांगणे सोडून, मालकाने बसवलेले कुलूप तोडण्यालाच मनाई केली. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ याच वाटेचे आहे, मात्र त्यात हक्कभंगाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो.

सद्यःस्थिती : कायदा रद्द झालेला नाही. २०१४ मध्ये कलाकार व ध्वनिमुद्रिका कंपन्यांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या एका संस्थेने जनरल मोटर्स, फोर्ड आणि त्यांना ध्वनियंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. मोटारीतल्या हार्ड डिस्कवर सीडी उतरवून घेण्याच्या सोयीला हाच कायदा लागू करावा, अशी तिची मागणी होती. २८ जानेवारी २०२० रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती फेटाळली. हार्ड डिस्कवर संगीताबरोबर प्रोग्रॅमही असतात, हेच कारण तिथेही पुरले.