चाळीसचा आकडा कुणी ठरवला?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीचा क्लेम नाकारताना विमा कंपनी बहुधा एका ओळीचे कारण देते : रुग्णाचा बीएमआय पॉलिसीच्या अटीत बसत नाही. रुग्ण गप्प बसतो. आकड्यापुढे बोलणार काय? आकडा म्हणजे विज्ञान, असे आपल्याला शाळेपासून शिकवले आहे. पण आकड्यालाही इतिहास असतो. तो कुणी ठरवला, कुणाची शरीरे मोजून ठरवला, हे विचारण्याचा हक्क ज्याचा क्लेम नाकारला गेला त्याला आहे, असे आम्ही मानतो.

बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागणे. हे सूत्र बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाचे, १८३२ च्या सुमारासचे. त्याला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कुणावर उपचार करायचा नव्हता. पुढे 'आदर्श वजन' ही कल्पना पसरवण्यात मोठा वाटा एका विमा कंपनीचा होता. अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ मध्ये उंचीनुसार वजनाचे तक्ते काढले, तेही विमेदारांच्या नोंदींवरून. ज्याला पॉलिसी परवडत नव्हती तो त्या तक्त्यात नव्हताच. लठ्ठपणा ही जोखीम आहे हे विमा धंद्याने जगाला सांगितले, आणि त्या जोखमीवरच्या उपचाराचे बिल आले की तोच धंदा हात वर करतो! १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापे तपासून केतलेच्या सूत्राला बीएमआय हे नाव दिले. त्या पाचांत भारत नव्हता आणि त्या मापांत बाई नव्हती.

चाळीसचा आकडा आला मार्च १९९१ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डा येथे तज्ज्ञांची परिषद भरवली. बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा असे तिथे ठरले. तेव्हा ही शस्त्रक्रिया पोट उघडूनच होत असे, धोका मोठा होता, म्हणून उंबरठाही उंच ठेवला गेला. त्या काळापुरते ते समजण्यासारखे आहे.

आता पुण्याला या. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळेही मोजली होती. सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ हडकुळे, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. अर्धपोटी आईच्या पोटी जन्मलेल्या या शरीराला मधुमेह कमी वजनातच गाठतो. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी कोण राहिले, शिळ्यापाक्यावर कोण जगले, हे या लेखाच्या वाचकाला वेगळे सांगायला हवे काय? अभ्यासाने जातीबद्दल निष्कर्ष काढला असे आमचे म्हणणे नाही. हा प्रश्न आमचा आहे.

भारतीय डॉक्टरांनी हे ओळखले. २००९ च्या त्यांच्या सहमतीच्या निवेदनात शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, आणि सोबत आजार असल्यास ३२.५ अशी खाली आणली. तरी दहा वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, विमा नियामक प्राधिकरणाने पॉलिसीतल्या वगळणुकींची भाषा एकसारखी केली तेव्हा आकडे घेतले तेच बेथेस्डाचे : ४० आणि ३५. त्यापूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचा उपचार सरसकट वगळलेला असे, म्हणून ही सुधारणाच होती. पण ३५ सोबत चालणारे आजार चारच : लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार आणि आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. गुडघे झिजले हे त्यात नाही. दिवसभर उभे राहून पोट भरणाऱ्या बाईला विचारा, गुडघा हा गंभीर आजार आहे की नाही.

हिशेब करून पाहा. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, मधुमेह आटोक्याबाहेर. बीएमआय ३३.८. भारतीय डॉक्टरांच्या निकषात हा रुग्ण बसतो. पॉलिसीत बसायला त्याने आणखी तीन-साडेतीन किलो वजन वाढवावे! आणि २०२२ मध्ये तर शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या अमेरिकी व आंतरराष्ट्रीय संघटनांनी १९९१ चा निकष बाजूला ठेवून आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रिया सुचवली.

प्रश्न शेवटी मालकीचा येतो. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी केली. ती आयुर्विम्याची होती, आरोग्यविम्याची नव्हे. पण त्यातले 'प्रत्येक' महत्त्वाचे. सगळेच आत असले तर कुणाला बाहेर ठेवायचे हा धंदा उरत नाही. ते मजूर मंत्री असतानाच, १९४४ मध्ये, अडारकर यांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या तीन महिने आधी. १९८६ ची मेडिक्लेम सरकारी कंपन्यांचीच होती, पण ती ऐच्छिक, हप्ता परवडणाऱ्यांची. म्हणजे मालकी राज्याकडे आली, 'प्रत्येक' मात्र गळाला. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या.

ज्यांचे पत्र आजच आले आहे त्यांनी इतके करावे. नकार लेखी घ्यावा, कलमासह. आहार-व्यायाम-औषधे करूनही वजन उतरले नाही याच्या तारखांसह नोंदी जोडाव्यात, कारण ३५ च्या कलमात ही अट आहे आणि क्लेम इथेही अडतो. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, तक्रारदारावर नाही. ग्राहक आयोगाची वाट उघडी राहते. मात्र लोकपाल पॉलिसीची भाषा लावून पाहतो, तो चाळीसचा आकडा बदलू शकत नाही. तो बदलू शकते ते प्राधिकरण हैदराबादला आहे. तक्रारीची एक प्रत, २००९ आणि २०२२ च्या आकड्यांसह, तिकडेही जाऊ द्या.