हिजाब आणि हेजीब

हिजाब म्हटलं की आपल्याला डोक्यावरचं वस्त्र आठवतं. इजिप्तमधल्या कॉप्टिक चर्चमध्ये मात्र हिजाब लाकडाचा असतो. गाभाऱ्यापुढची ती पडदी. गाभाऱ्याला कॉप्ट लोक, म्हणजे तिथले ख्रिस्ती, ‘हैकल’ म्हणतात. त्याचं मूळ थेट सुमेरी ‘ए-गल’पर्यंत, म्हणजे मोठ्या घरापर्यंत जातं. आपल्या भाषेत वाडाच!

कैरोतल्या ‘अल्-मुअल्लका’ चर्चचा हिजाब आबनूस आणि हस्तिदंत जडवून केलेला आहे. सगळी शोभा भौमितिक नक्षीची. संतांच्या प्रतिमा फक्त वरच्या ओळीत. मुअल्लका म्हणजे टांगलेली, कारण हे चर्च रोमन किल्ल्याच्या दरवाजावर उभं आहे. (आपला ‘तालुका’ याच धातूतला. टांगणं, चिकटणं, संबंध असणं, असा त्याचा प्रवास.)

हिजाबचा धातू ‘ह-ज-ब’, म्हणजे आड येणं. राजाच्या दारात आड उभा राहून कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा तो ‘हाजिब’. दख्खनच्या दरबारांत हा द्वारपाल वकील झाला आणि मराठीत ‘हेजीब’. अफझलखानाच्या प्रकरणात शिवाजी महाराजांच्या वतीने गेलेले पंताजी गोपीनाथ हे हेजीबच. अडवणाऱ्याच्याच नावाने बोलणी जुळवणारा ओळखला जावा, ही गंमत मला फार आवडते.

कॉप्ट परदेशी गेले तेव्हा हिजाबही निघाला. लंडनच्या केन्सिंग्टनमधलं सेंट मार्क हे मूळचं स्कॉटिश प्रेस्बिटेरियन चर्च. त्या पंथाला गाभाराही नको नि पडदीही नको. 1970च्या दशकात ते कॉप्टांकडे आलं आणि मोकळ्या सभागृहात आडोसा उभा राहिला. तिथल्या प्रतिमा नव-कॉप्टिक शैलीचे जनक इसाक फानूस (1919–2007) यांच्या. फानूस म्हणजे कंदील, आपला फाणस. त्यांच्या प्रतिमांत मोठे डोळे, ठसठशीत रेषा, सपाट रंग.

परदेशातल्या इंग्रजी पुस्तिकांत मात्र या पडदीला बहुधा ‘आयकॉनॉस्टॅसिस’ म्हणतात. ग्रीक शब्द, प्रतिमा उभ्या राहण्याची जागा. हिजाब हा शब्द तिकडे भलताच अर्थ सुचवील, अशी धास्ती त्यामागे असावी. फानूस यांच्या प्रतिमांपुढे तो ग्रीक शब्द शोभतोही. पण मुअल्लकाच्या जडावकामाला तो लावला, की सुताराचं श्रेय चित्रकाराला जातं. शिवाय उपासनेत मधल्या दारचा पडदा सारतात आणि पुरोहित पवित्र भाकर घेऊन लोकांकडे येतो, तेव्हा दारातला तो हाजिब अजून तिथेच असतो.