पिंपरीची मातीतली बुरशीनाशके : एक संशोधनपत्रिका, एक कारखाना आणि ज्ञानाच्या मालकीचा कायदा

१/१८
पिंपरी म्हटले की आज मोटारी, सुटे भाग आणि चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. मात्र १९५८ साली याच पिंपरीतून एक विज्ञानविषयक संशोधनपत्रिका निघू लागली, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. तिचे नाव ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’. ती कोणत्या विद्यापीठाची नव्हती; पेनिसिलिन बनवणाऱ्या सरकारी कारखान्याची होती.

२/१८
औषधनिर्मितीचा कारखाना आपले संशोधन जगापुढे छापून का मांडतो? प्रयोगशाळेत सापडलेले गुपित जपावे, पेटंट घेऊन राखावे, की प्रसिद्ध करून सर्वांच्या हवाली करावे? हा प्रश्न विज्ञानाइतकाच आंतरराष्ट्रीय कायद्याचाही आहे. त्याची मुळे शोधण्यासाठी आधी लंडन, ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतील पिओरिया येथे जावे लागते.

३/१८
अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ साली पेनिसिलिनचा गुण दिसला आणि १९२९ साली त्याने तो शोधनिबंधातून प्रसिद्ध केला. पुढे दहा वर्षे त्यातून औषध निघाले नाही. परंतु निबंध ग्रंथालयात राहिला. ऑक्सफर्डमधील हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांनी जुने वाङ्मय चाळताना तो विषय पुन्हा हाती घेतला. त्यांचे पहिले निष्कर्ष ऑगस्ट १९४० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. छापलेला निबंध कपाटात पडून राहिला तरी वाया जात नाही, याचे हे मोठे उदाहरण.

४/१८
चेन यांचे मत होते की पेनिसिलिनचे पेटंट घ्यावे. त्यांचे वडील रसायन-उद्योगातले, त्यामुळे जर्मनीतील उद्योगजगताची रीत त्यांना परिचित होती. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे सचिव एडवर्ड मेलनबी यांनी हा विचार फेटाळला. रोग बरे करणाऱ्या शोधावर मालकी सांगणे तेथील वैद्यकीय परंपरेला नीतिबाह्य वाटत होते.

५/१८
१९४१ साली फ्लोरी आणि नॉर्मन हीटली पेनिसिलियमची बुरशी घेऊन अमेरिकेत गेले. पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत हीटली यांनी अँड्र्यू मॉयर यांच्याबरोबर काम केले. मका भिजवून उरणाऱ्या पाण्याच्या अर्कामुळे उत्पादन अनेक पटींनी वाढले. मॉयर यांनी हे काम प्रसिद्ध करताना हीटली यांचे नाव गाळले आणि पुढे उत्पादनपद्धतीची पेटंटेही घेतली. नीतीच्या कारणास्तव जे ब्रिटनने सोडले, ते दुसऱ्याने कायदेशीरपणे नोंदवले. ही सल ब्रिटनमध्ये दीर्घकाळ राहिली.

६/१८
युद्धकाळात पेनिसिलिनच्या रसायनशास्त्राविषयीचे लेखन प्रसिद्ध करण्यावर बंधने होती. ब्रिटन आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांचे अहवाल गोपनीय ठेवले जात. ते सारे एकत्र करून ‘द केमिस्ट्री ऑफ पेनिसिलिन’ हा ग्रंथ निघाला तो १९४९ मध्ये, युद्ध संपून चार वर्षे झाल्यावर. तोवर ज्यांच्याकडे यंत्रे आणि अनुभव होता ते देश पुढे गेले होते. बाकीच्यांना औषध विकत घेणे एवढाच मार्ग होता.

७/१८
त्या बाकीच्यांत नुकताच स्वतंत्र झालेला भारत होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले साहिब सिंग सोखी औषधे देशातच, सार्वजनिक क्षेत्रात बनावीत असा आग्रह धरत होते. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात पेनिसिलिनच्या कारखान्यासाठी सहकार्य ठरले. यंत्रसामग्री युनिसेफची, तज्ज्ञ आणि प्रशिक्षण आरोग्य संघटनेचे, जागा व इमारती भारताच्या.

८/१८
स्थळ ठरले पिंपरी. १९५४ साली ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. या मदतीमागील भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे : संयुक्त राष्ट्रांच्या पैशाने उभे राहिलेले तंत्र व्यापारी गुपित म्हणून कोंडून ठेवू नये, ते इतरांना शिकता यावे. आजच्या औद्योगिक पट्ट्याच्या पायाशी असा एक आंतरराष्ट्रीय करार आहे.

९/१८
ही वाट फार काळ एकटी राहिली नाही. पेनिसिलिननंतर क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन हवे होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी मर्क या अमेरिकी कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार झाला. खासगी कंपनीशी होणाऱ्या अशा करारात स्वामित्वशुल्क असते आणि गोपनीयतेची अट असते. खुले ज्ञान आणि विकत घेतलेले ज्ञान, असे दोन प्रकार एकाच कुंपणाआड शेजारी नांदू लागले.

१०/१८
‘बुलेटिन’चा जन्म याच काळातला. तिच्यामुळे पिंपरीच्या संशोधकांना आपले काम नोंदवता येऊ लागले, आणि परदेशी ग्रंथालयांतील वाचकांनाही ते दिसू लागले. मात्र एक शंका रास्त होती. संस्था आपल्याच पत्रिकेत आपलेच निष्कर्ष छापत असेल, तर त्यांची पारख कोण करणार? तज्ज्ञपरीक्षण, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात, त्याचा मुद्दा येथे येतो.

११/१८
आजच्या विद्यार्थ्याला वाटते की तज्ज्ञपरीक्षणाशिवाय शोधनिबंध कधी छापलेच जात नसत. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘नेचर’सारख्या पत्रिकेनेही प्रत्येक निबंध बाहेरील परीक्षकांकडे पाठवणे सक्तीचे केले ते १९७३ साली. त्यापूर्वी अनेक ठिकाणी संपादकाचा निर्णय अखेरचा असे. तेव्हा खरी कसोटी प्रसिद्धीनंतर लागत असे : दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निष्कर्ष निघतो का?

१२/१८
पिंपरीच्या संशोधन विभागाचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे वनस्पतिरोग आणि बुरशी यांचे अभ्यासक. पिंपरीच्या मातीतून मिळालेल्या एका जिवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ हे नाव दिले गेले. त्यापासून मिळालेले बुरशीनाशक म्हणजे ‘हॅमायसिन’. नावातील पहिली अक्षरे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. त्याच्या शोधाचा निबंध १९६१ साली ‘बुलेटिन’मध्येच आला. याच जिवाणूपासून मिळालेल्या दुसऱ्या एका संयुगाचे नाव ‘पिंप्रिनिन’ आहे. एका गावाचे नाव असे रसायनशास्त्राच्या कोशात गेले.

१३/१८
हॅमायसिनवर अमेरिकेत पेटंटही घेतले गेले. ते १९६६ साली मंजूर झाले. निबंध आणि पेटंट यांत एक जुनी ओढाताण आहे. पेटंटची पहिली अट नावीन्य. शोध आधीच कोठे छापला गेला असेल, तर बहुतेक देशांच्या कायद्यानुसार तो नवा उरत नाही. अमेरिकेने मात्र संशोधकाला स्वतःच्या प्रसिद्धीनंतर काही मुदत दिलेली आहे. म्हणून छापण्याची तारीख ही वैज्ञानिक बाब असते तशीच कायदेशीर पुरावाही असते. आज एखाद्या पेटंटला विरोध करणारा वकील जुन्या पत्रिकांचे अंक शोधतो, तो याच कारणाने.

१४/१८
घरच्या पत्रिकेत छापलेला दावा बाहेर टिकला का? अमेरिकेतील वैद्यकीय संशोधकांनी १९६० च्या दशकात खोलवर पसरणाऱ्या बुरशीजन्य रोगांवर हॅमायसिन तपासले आणि आपले निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. गंभीर अंतर्गत रोगांत त्याला अँफोटेरिसिन-बीची जागा घेता आली नाही. भारतात ते मुख्यतः बाहेरून लावण्याचे औषध म्हणून वापरात राहिले. शोध खरा ठरला आणि त्याच्या मर्यादाही कळल्या. दोन्ही गोष्टी शक्य झाल्या, कारण माहिती आणि पदार्थ दोन्ही पिंपरीबाहेर गेले होते.

१५/१८
दिल्लीत याच सुमारास पेटंट कायद्याचा फेरविचार चालू होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने दाखवले की भारतातील ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांची होती आणि त्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन भारतात होतच नव्हते. त्यातून आला १९७० चा पेटंट कायदा, अमलात २० एप्रिल १९७२ पासून. औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळेनासे झाले. फक्त कृतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी. छापील निबंध वाचून वेगळी कृती शोधणाऱ्या भारतीय रसायनशास्त्रज्ञाला त्यामुळे मोठे मैदान मिळाले.

१६/१८
जागतिक व्यापार संघटनेचा ‘ट्रिप्स’ करार १ जानेवारी १९९५ रोजी अमलात आला आणि चित्र पुन्हा पालटले. भारत ७ डिसेंबर १९९८ रोजी औद्योगिक मालमत्तेच्या पॅरिस करारात सामील झाला. १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पदार्थ-पेटंट पुन्हा सुरू झाले. या दरम्यान पिंपरीची कंपनी आर्थिक अडचणीत सापडली होती. ज्या देशाने पेनिसिलिन स्वतः बनवण्याचा हट्ट धरला होता, तो त्याच्या कच्च्या मालासाठी पुढे चीनवर अवलंबून राहिला.

१७/१८
जिवाणूंच्या बाबतीत केवळ लेखी वर्णन पुरत नाही. कितीही बारकाईने लिहिले तरी वाचणाऱ्याला तोच जिवाणू मातीतून पुन्हा सापडेल याची खात्री नसते. म्हणून १९७७ चा बुडापेस्ट करार आला : पेटंटसाठी जिवाणूचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवायचा. भारत २००१ मध्ये त्यात सामील झाला आणि २०११ मध्ये पुण्यातील सूक्ष्मजीव संग्रहालाही ही मान्यता मिळाली. नव्या प्रजातीच्या नावाचा नियम याहून कडक आहे. २००१ पासून नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील खुल्या संग्रहांत ठेवावा लागतो, आणि ठरावीक आंतरराष्ट्रीय पत्रिकेत नोंद झाल्यावरच ते नाव वैध मानले जाते. तेथे पत्रिका जवळजवळ राजपत्राचे काम करते.

१८/१८
येथे आजचा पेच उभा राहतो. १९९२ च्या जैवविविधता कराराने प्रत्येक देशाचा आपल्या जैविक संपत्तीवरील अधिकार मान्य केला. त्यानुसार भारताचा २००२ चा कायदा परकीय संस्थांना जैविक साधने देण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी मागतो. उलट, पत्रिकेचे नियम म्हणतात की नमुना कोणत्याही संशोधकाला विनाअडथळा मिळाला पाहिजे. मावळातल्या किंवा चाकणच्या मातीत आज एखाद्या विद्यार्थिनीला नवा जिवाणू सापडला, तर त्याला नाव देण्याआधी तिला दोन्ही नियम सांभाळावे लागतील. मेलनबींच्या नकारापासून युनिसेफच्या मदतीपर्यंत, आणि ‘बुलेटिन’च्या पहिल्या अंकापासून ‘ट्रिप्स’पर्यंत, वाद एकच चालत आला आहे : ज्ञान वाटले नाही तर त्याची पारख होत नाही, आणि वाटताना आपला हक्क राखला नाही तर दुसरा तो नोंदवून घेतो. पिंपरीने निबंधही छापला आणि पेटंटही घेतले. त्या दोन कागदांचा मेळ घालण्याचे काम नव्या पिढीच्या संशोधकांकडे आले आहे.