रागाचं उत्तर भलत्याच्या दारी

राईहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय.

गटाच्या कामासाठी आम्ही ईमेल उघडला आणि महिन्याभरात नको त्या मेलची रांग लागली. 'तुमच्या गटाला 5 लाखांचं कर्ज मंजूर, आधी फी भरा.' आमच्यातली एक जण चिडली. तिने उलट मेल करून चार शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेचं उत्तर आलं, 'ताई, हा मेल माझा नाहीच. माझा पत्ता कुणीतरी वापरलाय.' आम्ही खजील झालो, माफी मागितली. मग म्हटलं, असं होतं तरी कसं, ती जुनी गोष्ट शोधू या.

अशी पहिली मोठी जाहिरात 3 मे 1978 रोजी अमेरिकेत गेली. गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीचे संगणक खपवायला सुमारे 400 जणांना एकच मेल धाडला. संगणकांचं ते जाळं तेव्हा सरकारी आणि लहान होतं. लोकांनी ते चालवणाऱ्यांकडे तक्रार केली, थुर्कला समज मिळाली, प्रकरण मिटलं.

1982 साली ईमेल पोचवण्याचे नियम ठरले. तेव्हा वापरणारे थोडे आणि भरवशाचे. म्हणून 'पाठवणारा खरंच तोच का' हे तपासायची सोयच नव्हती. पाकिटावर कुणाचंही नाव लिहून पेटीत टाकावं, तसं. पुढे तपासण्या आल्या, तरी खोटी नावं अजून चालतातच.

जाळं वाढलं तसा लोकांचा रागही वाढला. 1994 साली अमेरिकेतल्या वकील नवरा-बायकोने आपली जाहिरात हजारो चर्चा-गटांत टाकली. चिडलेल्या लोकांनी उलट मेलचा एवढा मारा केला, की त्यांना इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे संगणकच बंद पडले. त्याच कंपनीच्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय केलं होतं?

1997 साली तर कहर झाला. वेबसाइटसाठी फुकट जागा देणाऱ्या एका माणसाने जाहिराती पसरवणाऱ्याचं खातं बंद केलं. त्याने सूड म्हणून त्याच माणसाच्या नावाने खोटे मेल सोडले. ते मिळालेले लोक संतापून त्या निरपराध माणसावरच तुटून पडले आणि त्याची साइट कोलमडली. म्हणजे लोकांचा रागच त्या लबाडाचं हत्यार झाला.

खोटं नाव घेणारे परदेशीच असतात असंही नाही. आमची राई आणि मिरा रोड एकाच महापालिकेत. तिथल्या कॉल सेंटरांतून 'अमेरिकेच्या कर खात्यातून बोलतोय' असं धमकावून तिकडच्या लोकांना लुबाडत होते. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी छापे घातले, 700हून अधिक जणांची चौकशी केली, 70 जणांना अटक केली. फोनवर शिव्या देऊन हे थांबलं नसतं.

आता आमच्या गटाचा नियम ठरलाय. अनोळखी मेलला उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर गेलं की हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. त्यातली लिंक दाबायची नाही. 'स्पॅम' म्हणून खूण करायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पैसे गेले असतील, तर लाजून घरात बसायचं नाही. लगेच 1930 या नंबरवर तक्रार करायची. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

राग आमच्या त्या मैत्रिणीला आजही येतो. पण आता ती शिव्या लिहीत नाही, तक्रार लिहिते.