यो-योमधील घर्षणपट्टी : एका झिजणाऱ्या भागाचा इतिहास

यो-योविषयी आजवर जे ऐतिहासिक लेखन झाले आहे, त्याचा भर बहुतांशी नावांवर व व्यापारावर आहे. बर्लिन येथील ग्रीक पात्रावर (सुमारे इ. स. पू. ४४०) चितारलेल्या मुलापासून आरंभ करावयाचा, पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो गृहस्थाने इ. स. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे काढलेल्या कारखान्याकडे यावयाचे, आणि ‘यो-यो’ हे व्यापारचिन्ह नसून सामान्य नाम होय, या इ. स. १९६५ मधील अमेरिकन न्यायालयाच्या निर्णयापाशी थांबावयाचे, असा हा रूढ क्रम आहे. त्यात एक साधा प्रश्न सुटून जातो : दोरीच्या टोकाशी फिरणारे खेळणे हाताकडे परत येते ते कशामुळे? या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिल्यास यो-योच्या इतिहासाचे तीन टप्पे पडतात.

पहिल्या टप्प्यात दोरी आसाला पक्की बांधलेली असे. खाली गेलेल्या चकत्या स्वतःच्या गतीनेच दोरी पुन्हा गुंडाळीत वर येत. अमेरिकेत इ. स. १८६६ मध्ये हेवन व हेट्रिक या दोघांनी ‘बँडलोर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशाच खेळण्याच्या सुधारित घडणीचे पेटंट घेतले होते.

फ्लोरेसच्या यो-योत दोरी आसाला बांधलेली नसून आसाभोवती तिचा सैल फास होता. त्यामुळे यो-यो खाली जाऊन फासात तसाच फिरत राही. यालाच खेळाडू ‘झोपणे’ म्हणतात. हलका झटका देताच दोरी आसाला व चकत्यांच्या आतील बाजूंना घासून पकड घेई. हा दुसरा टप्पा होय. येथे घर्षण हा खेळाचा प्राण ठरला, परंतु ते लाकडी आसातच सामावलेले होते. दोरी बदलता येई. पण चकत्या डिंकाने जोडलेल्या असल्यास झिजलेला आस बदलण्याची सोय नसे. सान फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य टॉम कून यांनी १९७० नंतरच्या दशकात सुटा करता येणारा यो-यो तयार केल्यावर ही अडचण दूर झाली.

तिसरा टप्पा बॉल बेअरिंगचा. बेअरिंगमुळे आसाचे घर्षण अत्यल्प झाले व यो-यो दीर्घकाळ फिरू लागला. परंतु त्याच कारणाने तो परत येईनासा झाला. यास्तव घर्षण आसावरून काढून चकत्यांच्या आतील बाजूंवर न्यावे लागले. प्रथम तेथे उंचवट्यांच्या रेषा, पुढे चिकटपट्ट्या व रबरी कडी, आणि अखेरीस खोबणीत बसविलेली सिलिकोनची पट्टी आली. आता खेळाडू स्वतः दोरीचा वेढा फटीत घालून तिला पकड घ्यावयास लावतो. पट्टी झिजली की दोरी घसरते. पट्टी खोबणीबाहेर आल्यास दोरी अवेळी अडकते व वेगाने परतलेला यो-यो बोटांवर आदळतो. म्हणून दोन्ही अर्धे उलगडून जुनी पट्टी चिमट्याने काढणे, खोबणीतील डिंक पुसणे आणि नवी पट्टी सर्वत्र सारखी दाबून बसविणे, हे काम खेळाडूच्या नित्य व्यवहाराचा भाग झाले. पूर्वी कारखान्यात ठरणारा गुण आता खेळाडूच्या हाती आला.

इतिहाससंशोधकाच्या दृष्टीने याचे महत्त्व वेगळेच आहे. सुट्या भागांच्या यो-योत धड एका काळचे, बेअरिंग दुसऱ्या काळचे आणि पट्टी तिसऱ्याच काळची असू शकते. केवळ धडावरून वस्तूचा काळ ठरविणे तेथे धोक्याचे आहे. शिवाय तो यो-यो कोणत्या पद्धतीने खेळला गेला, याचा साक्षात् पुरावा धडापेक्षा पट्टीवरच अधिक उमटतो. सामान्यतः टाकून दिली जाते तीही हीच पट्टी. संग्रहासाठी आलेल्या यो-योला नवी पट्टी लावून तो सज्ज करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यायोगे खेळणे चालू होते आणि त्याचा इतिहास पुसला जातो. झिजलेली पट्टी काढावीच लागली, तर ती वस्तूसमवेत जपून ठेवावी व बदलाची तारीख नोंदवावी, एवढी काळजी संग्राहकाने अवश्य घ्यावयास हवी.