मैहर, 1918: अनाथ मुलांचा बँड

काशीकडे जाणारी गाडी जबलपूर आणि कटनी मागे टाकते. सतना यायच्या आधी मैहर लागते. बहुतेक लोक इथे शारदामातेच्या दर्शनाला उतरतात. तुम्हीही उतरा, पण 1918 सालात. तुम्ही शाळेचा बँड बसवता. पंधरा ऑगस्ट जवळ आला की साइड ड्रम एकीकडे आणि बासरी दुसरीकडे पळते, आणि तुमचा घसा बसतो. तुम्ही हे गाव याच वर्षी पाहायला हवे.

फलाट ओस पडला आहे. जूनमध्ये मुंबईत शिरलेला ताप आगगाडीबरोबर देशभर गेला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणतात. गावात शिरताच कुलपे लागलेली घरे दिसतात आणि ओट्यांवर नुसती बसून राहिलेली मुले. कुणाची आई गेली आहे, कुणाचे घरच्या घर. त्यांना हाक मारणारे कुणी उरलेले नाही.

चालत पुढे या. हे लहानसे संस्थान महाराजा ब्रिजनाथ सिंह यांचे. त्यांनी याच वर्षी बाबा अलाउद्दीन खाँ यांना दरबारात आणले आहे. दरबारी कलावंताने महाराजांना शिकवावे, मैफल सजवावी, एवढीच अपेक्षा असते. पण बाबांनी या मुलांना गोळा केले आहे. त्यांचा वाद्यवृंद उभा करायचा आहे.

कोपऱ्यात बसून घ्या. समोर सतार आहे, इसराज आहे, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला, ढोलक आहे. मुलांना यातले एकही वाजवता येत नाही. शिवाय आपले संगीत एकट्याने रंगवायचे. इथे मात्र डझनावारी हातांनी एकच गत, एकाच लयीत वाजवायची आहे. तुमची अडचण तुम्हाला लगेच ओळखू येईल.

आता बाबांकडे पाहा. ते व्हायोलिनवाल्या मुलाचे मनगट सरळ करतात, मग तबल्यापाशी जाऊन बोल वाजवून दाखवतात, मग इसराजचा गज स्वतः ओढतात. ज्याच्या मागे बसतील त्याचे वाद्य त्यांना येते. लहानपणी घरातून पळून ते कलकत्त्याला आले आणि अन्नछत्रात जेवून शिकले. नुलो गोपाल यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे सरगम घोटली, हजारी उस्तादांकडे सनई शिकले. व्हायोलिन मात्र लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्टरकडे. पुढे रामपूरला वझीर खाँ यांच्याकडे तालीम झाली. पोरके पोर भुकेल्या पोटी कसे शिकते, हे त्यांना कुणी सांगायला नको.

अंगणाच्या कडेला लोखंड घासल्याचा आवाज येतो. तिकडे जा. बंदुकीच्या नळ्या कापून, लहानमोठ्या करून ओळीने मांडल्या आहेत. लांब नळीचा सूर खाली, आखूड नळीचा वर. कानशीने थोडे घासायचे, काठीने वाजवायचे, कान लावायचा, पुन्हा घासायचे. जास्त कापले तर सूर चढतो आणि कापलेले लोखंड परत जोडता येत नाही. हा नलतरंग. ज्या नळीतून गोळी सुटायची तिच्यातून आता गंधार येतो आणि तो वाजवणारे पोर कालपर्यंत ओट्यावर नुसते बसून होते.

त्या पोराला तालात धरा. तीनतालाच्या सोळा मात्रा चालल्या आहेत. त्याचा सूर समेवर पडायचा आहे. पंधरा मात्रा तो श्वास धरून मोजतो. सम येते, काठी पडते आणि सगळा वृंद त्याच्या ठोक्यावर येऊन टेकतो. तो हुकला असता तर सगळ्यांची गत लंगडी झाली असती, हे त्याला कळते. तो मान वर करतो. कुणी शाबासकी दिलेली नाही. तिची गरजही पडलेली नाही.

बाबा रागीटही आहेत, हे तुम्हाला दिसेलच. त्यांच्या धाकाच्या कथा त्यांच्या शिष्यांनीच सांगून ठेवल्या आहेत. तो धाक परतीच्या गाडीत बरोबर घेऊ नका. आजच्या वर्गात तो चालत नाही आणि चालू नये. मुले टिकली ती भीतीने नव्हे, असे मला ठामपणे वाटते. भीतीने मूल एक दिवस बसते. रोज बसते ते आपल्यावाचून काहीतरी अडते म्हणून, आणि शिकवणारा आपल्याहून जास्त राबतो हे दिसते म्हणून.

आता वर्षे भराभर पुढे सरकवा. याच गावात बाबांची मुले अली अकबर आणि अन्नपूर्णा शिकतात. 1938 मध्ये तरुण रविशंकर येतात. 1971 मध्ये बाबांना पद्मविभूषण मिळते आणि 1972 मध्ये ते जातात. थोर शिष्यांची नावे जगाला पाठ आहेत. नलतरंगाच्या पोराचे नाव फारसे कुणी घेत नाही. पण मैहर बँड आजही वाजतो, कारण त्या पोरांनी तो पुढच्यांच्या हाती दिला.

आता तुमच्या शाळेत परत या. बँडच्या शेवटच्या रांगेत एक मूल ट्रँगल धरून उभे असेल. दुसरे काही जमत नाही म्हणून तो त्याच्या हातात दिलेला असेल. उद्याच्या सरावात त्याला एक अशी जागा द्या, जिथे फक्त त्याचाच आवाज आहे आणि जिथे तो आला नाही तर सगळ्यांना थांबावे लागेल. स्पर्धा, ढाल, गणवेश यांचे मग बघू. आधी प्रत्येक मुलावाचून बँड अडला पाहिजे.