बेथलेहेमचा शिंपला

आजच्या भागात एक छोटीशी वस्तू: गळ्यात घालायचा, बोटाच्या पेराएवढा पांढरा क्रूस. काळ विसाव्या शतकाची सुरुवात. गाव बेथलेहेम, म्हणजे येशूचं जन्मगाव. तेव्हा तिथे ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं.

हा क्रूस शिंपल्याचा. शिंपल्याच्या आतला भाग मोत्यासारखा चमकतो ना, त्याचा. अरबीत त्याला म्हणतात 'सदफ'. आता बेथलेहेम आहे डोंगरावर. शिंपले यायचे तांबड्या समुद्रातून. कारागीर वरचा खडबडीत थर घासून काढायचे, करवतीने तुकडे करायचे, कानशीने आकार द्यायचे, भोक पाडायचे, मग चकाकी आणायचे. क्रूस, पदकं, ब्रोच आणि रोझरी. रोझरी म्हणजे जपमाळ. वसईत किंवा गोव्यात पाहिली असेल. नेहमीच्या रोझरीत ५९ मणी असतात. म्हणजे एका माळेमागे ५९ वेळा तेच काम!

कच्चा माल बाहेरचा, गिऱ्हाईकही बरंचसं बाहेरचं. मग बेथलेहेमचं काय? कारागिरी, आणि गावाचं नाव. पंढरपूरहून आणलेल्या तुळशीच्या माळेचं मोल वेगळंच असतं, तसंच हे. ईस्टरला रशियातून हजारो यात्रेकरू यायचे, त्यात गरीब शेतकरी खूप. जाताना अशा वस्तू घेऊन जायचे.

मग व्यापाऱ्यांनी विचार केला, गिऱ्हाईक यायची वाट कशाला बघायची? आपणच जाऊ. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन, १९०४ चं सेंट लुईसचं, तिथे बेथलेहेमचा माल पोचला. पुढे लॅटिन अमेरिकेतही. पैसा आला. व्यापारी घराण्यातल्या सुलेमान जासिर यांनी १९१० मध्ये बांधलेला वाडा आजही उभा आहे; आता तिथे हॉटेल आहे.

पण व्यापारासाठी उघडलेली ही वाट पुढे गाव सोडायची वाट झाली. १९०९ पासून ख्रिस्ती तरुणांनाही ऑटोमन सैन्यात सक्तीची भरती लागू झाली. १९१४ ला महायुद्ध पेटलं, यात्रेकरू थांबले. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियन गिऱ्हाईक तर संपलंच. कितीतरी तरुण चिली, होंडुरासला गेले. तिथे अनेकांनी कापडाचा धंदा धरला.

बरेच जण परत यायच्या विचाराने गेले होते. पण युद्धानंतर पॅलेस्टाइन ब्रिटिशांकडे गेलं आणि १९२५ मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला. बाहेर राहणाऱ्या असंख्य लोकांचे अर्ज त्याखाली फेटाळले गेले. ज्या गावाच्या नावावर यांनी जगभर माल विकला, त्या गावचे आम्ही आहोत, हे कागदावर सिद्ध करता येईना!

चिलीत 'पालेस्तिनो' नावाचा फुटबॉल क्लब आहे, १९२० साली सुरू झालेला. पॅलेस्टाइनमधून गेलेल्या लोकांनीच तो काढला. आज चिलीत या लोकांचे लाखो वंशज आहेत, आणि त्यातल्या अनेकांची मुळं बेथलेहेम आणि आसपासच्या गावांत आहेत.

तर मंडळी, कुठे जुना शिंपल्याचा क्रूस दिसला, तर तो कुठे घडला असेल ते जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात!